नेक्सस मॉड्स : डाउनलोड आपलं, मॉडरच्या हातात काय?

स्कायरिम या संगणक-खेळासाठी मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली बदलाची किंवा भर घालणारी फाइल, हवी असली की पहिला पत्ता नेक्सस मॉड्सचाच. साइट वापरायला कशी आहे यावर भरपूर लिहून झालंय, त्यामुळे इथे परीक्षण दुसऱ्या बाजूने करू. ज्यांच्या फायलींवर ही साइट उभी आहे त्या मॉडर मंडळींना तिच्याकडून पैसे कसे मिळतात, ती पद्धत रास्त आहे का, आणि स्कायरिम बनवणाऱ्या बेथेस्डाच्या स्वतःच्या 'क्रिएशन्स' दुकानाशेजारी ठेवली तर ती कशी दिसते? मॉडरला पैसे मिळायलाच हवेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. वाद आहे तो पैसे फाइलला कुलूप लावून घ्यायचे की फाइल मोकळी ठेवून, याबद्दल. नेक्ससने दुसरा रस्ता धरला आणि स्कायरिमसारख्या खेळात तोच टिकतो. मात्र वाटप करायची त्यांची मापपट्टी सदोष आहे, आणि ते दोष डाउनलोड करणाऱ्यालाही माहीत असायला हवेत.

आधी हिशोब कसा चालतो ते पाहू. २०१८ पासून नेक्ससवर 'डोनेशन पॉइंट्स' आहेत. साइट दर महिन्याला एक निधी बाजूला काढते आणि त्या महिन्यातल्या युनिक डाउनलोडच्या प्रमाणात तो मॉड्समध्ये वाटते. युनिक म्हणजे एकाच माणसाने तीच फाइल दहा वेळा उतरवली तरी मोजणी एकदाच. १,००० पॉइंट म्हणजे १ डॉलर. पॉइंट पेपॅलवर रोख घेता येतात, त्यातून साइटची प्रीमियम मेंबरशिप घेता येते किंवा ते संस्थांना दान करता येतात. हे सगळं आपोआप सुरू होत नाही. मॉडच्या पानावर मॉडरला स्वतः योजनेत सामील व्हावं लागतं, आणि मॉडमध्ये आणखी कुणाचा हात असेल तर टक्केवारी ठरवून त्यांच्यात पॉइंट वाटून देता येतात.

या योजनेतली सगळ्यात चांगली गोष्ट परवानग्यांच्या यादीत दडलेली आहे, आणि बहुतेक डाउनलोड करणारे ती कधी उघडतही नाहीत. प्रत्येक मॉडच्या पानावर 'परमिशन्स अँड क्रेडिट्स' नावाचा भाग असतो. माझी मॉडेल्स किंवा टेक्स्चर्स (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) वापरू शकता का, बदलू शकता का, दुसऱ्या खेळात नेऊ शकता का, असे प्रश्न तिथे एकाखाली एक असतात. त्यातच एक स्वतंत्र प्रश्न आहे: माझं साहित्य वापरून बनवलेल्या मॉडवर तुम्ही डोनेशन पॉइंट मिळवू शकता का? म्हणजे एखादा मॉडर म्हणू शकतो की माझी तलवार खुशाल वापरा, पण तिच्यावर पॉइंट कमवू नका. पैशाचा प्रश्न मॉडिंगमध्ये नेमका कुठे अडतो, हे ज्याला कळलंय त्यानेच हा रकाना घातला असणार. नवीन मॉड करणाऱ्याने काम सुरू करण्याआधी वापरणार असलेल्या प्रत्येक फाइलचं हे पान उघडून तारखेसह त्याची प्रत ठेवावी. मूळ मॉडर परवानग्या पुढे कधीही बदलू शकतो, आणि वाद झाला तर ही प्रतच कामी येते.

आता खोट. माप डाउनलोडचं आहे, मेहनतीचं नाही. रस्त्याच्या दगडांचं टेक्स्चर बदलणारं मॉड जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत असतं. याउलट आवाजी संवाद असलेलं, दहा-वीस व्हॉइस ॲक्टर्सना घेऊन केलेलं, नवी जागा आणि नवी कथा असलेलं क्वेस्ट मॉड उतरवणारे त्यामानाने मोजकेच, आणि खेळून झालं की विषय संपतो. पहिल्याला पॉइंट जास्त, दुसऱ्याला कमी, आणि दुसऱ्याचे जे येतील ते वीस जणांत वाटायचे. शिवाय मोजणी पानागणिक असल्यामुळे एकाच मॉडचे चार तुकडे करून चार पानं टाकणं फायद्याचं ठरतं. मूळ पानावर पर्यायी फाइल म्हणून बसू शकेल असा पॅच वेगळ्या पानावर दिसला तर त्यामागे कधी कधी हेच कारण असतं. सगळेच असं करत नाहीत, पण नियम त्या दिशेला ढकलतो हे खरं आहे.

हे दोष असूनही कुलूपवाली पद्धत वाईट का, हे समजायला २०१५ कडे जावं लागतं. २३ एप्रिल २०१५ ला स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी स्टीमच्या वर्कशॉप या मॉड्सच्या विभागात स्कायरिमची मॉड्स विकायला सुरुवात केली आणि २७ एप्रिलला ती बंद केली. विक्रीतले ३० टक्के व्हॉल्व्हला, ४५ टक्के बेथेस्डाला आणि २५ टक्के मॉडरला. मॉडरच्या वाट्याचे १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येणार नव्हते, म्हणजे मॉडची विक्री ४०० डॉलरच्या पुढे जायला हवी. २ डॉलरच्या मॉडच्या २०० प्रती खपल्याशिवाय एक पैसा नाही. परत करायची मुदत २४ तास, आणि मॉड्सचं एकमेकांशी न जुळणं कित्येकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेव्ह फाइल जड झाल्यावर दिसतं.

लोक चिडले ते फक्त टक्केवारीवर नाही. पहिल्या खेपेत मासेमारीचं एक मॉड विकायला होतं. त्यातल्या हालचालींसाठी एफएनआयएस हे ॲनिमेशनचं मोफत साधन लागत होतं, आणि ते साधन बनवणाऱ्याची परवानगी घेतलेली नव्हती. मॉड लगेच काढून घ्यावं लागलं. स्कायरिमचं मॉडिंग असंच एकमेकांच्या खांद्यावर उभं आहे. एखादं लढाईचं मॉड घ्या. त्याला खेळाच्या कोडला जास्तीची ताकद देणारं स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे एसकेएसई, लागतं. त्यावर ॲड्रेस लायब्ररी, सेटिंग्जच्या मेन्यूसाठी स्काययूआय, हालचालींसाठी नेमेसिस किंवा पंडोरा, आणि मूळ खेळातल्या चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅच. शेवटच्या मॉडला किंमत लावली की खालच्या पाच जणांचं काय? त्यांना वाटा द्यायचा तर किती, आणि मोजणार कोण? त्यांनीही किंमत लावली तर साठ मॉड्सची साधी यादीसुद्धा कुणाला परवडणार नाही. बाहेरच्या साधनांवर न टेकणाऱ्या वस्तूंना ही अडचण येत नाही. टीम फोर्ट्रेस २, डोटा २ आणि काउंटर-स्ट्राइक या आपल्या खेळांतल्या टोप्या-शस्त्रांसाठी व्हॉल्व्हने जानेवारी २०१५ पर्यंत १,५०० हून अधिक निर्मात्यांना ५.७ कोटी डॉलर दिले होते, आणि त्यावरून कुणी रस्त्यावर उतरलं नाही. टोपी ही टोपी असते, ती दुसऱ्याच्या कोडवर चालत नाही.

बेथेस्डाने यातून धडा घेतला, हे मान्य करायला हवं. २०१७ च्या 'क्रिएशन क्लब'मध्ये त्यांनी मॉडर निवडून, कामाचे टप्पे ठरवून मोबदला दिला. ५ डिसेंबर २०२३ ला क्लब आणि मोफत मॉड्स एकत्र करून 'क्रिएशन्स' आलं. त्यात मान्यता मिळालेला मॉडर स्वतः किंमत लावून विकतो आणि रॉयल्टी घेतो. हा माल एक्सबॉक्स-प्लेस्टेशनवरही जायचा असतो आणि तिथे एसकेएसई चालत नाही, त्यामुळे तो त्यावर टेकून बनवता येत नाही. २०१५ ची अडचण अशी बाजूला राहते. प्लेस्टेशनवाल्यांचा एक खरा फायदाही आहे. सोनीच्या अटीमुळे तिथल्या मोफत मॉड्सना बाहेरची मॉडेल्स-टेक्स्चर्स आणता येत नाहीत, क्रिएशन क्लबच्या मालाला ती आणता आली. शिवाय क्रिएशन क्लबच्या मालाने अचीव्हमेंट्स (खेळातल्या कामगिरीचे बिल्ले) बंद पडत नाहीत.

क्रेडिट्सची पद्धत मात्र आम्हाला अजिबात पटत नाही. आधी डॉलर देऊन क्रेडिट्सचा पॅक घ्यायचा, मग क्रेडिट्स देऊन वस्तू. बेथेस्डाच्याच स्टारफील्ड या खेळात जून २०२४ ला ७०० क्रेडिट्सचं एक मिशन आलं. पाच डॉलरच्या पॅकमध्ये ५०० क्रेडिट्स, म्हणजे सात डॉलरच्या वस्तूसाठी खिशातून दहा गेले आणि उरलेले क्रेडिट्स दुकानातच अडकले. ते मिशन बेथेस्डाचं स्वतःचं होतं, पण पॅक तेच असल्यामुळे मॉडरचा मालही याच चाकोरीतून जातो. रुपयांत थेट किंमत दाखवून थेट विकायला काय हरकत आहे?

क्रिएशन्सच्या नोंदीत न दिसणारा खर्च तर मोफत मॉडरच्या डोक्यावर बसतो. दुकान आणायला खेळाची एक्झी, म्हणजे मुख्य प्रोग्राम फाइल, बदलावी लागते. डिसेंबर २०२३ च्या १.६.११३० अपडेटने एसकेएसईचे प्लगइन्स मोडले, जानेवारी २०२४ मध्ये १.६.११७० आलं आणि पुन्हा तेच. कारण साधं आहे. प्लगइन खेळाच्या कोडमधल्या ठरावीक जागी आपला कोड अडकवतो, आणि एक्झी नव्याने बांधली की जागा सरकतात. ॲड्रेस लायब्ररी प्रत्येक जागेला क्रमांक देऊन बरीच पडझड वाचवते, पण आतली रचनाच बदलली असेल तर तिचाही इलाज चालत नाही, प्लगइनची डीएलएल फाइल नव्याने बांधावीच लागते. डिसेंबरच्याच अपडेटने हलक्या प्लगइनची, म्हणजे मॉडची माहिती ठेवणाऱ्या ईएसएल फाइलची, मर्यादा २,०४८ वरून ४,०९६ नोंदींवर नेली. बदल चांगला होता. पण क्रिएशन किट या बेथेस्डाच्या मॉड बनवायच्या साधनाच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेल्या फाइलचा हेडर (सुरुवातीला लिहिलेला आवृत्ती क्रमांक) १.७१ झाला आणि जुन्या आवृत्तीवरच्या लोकांकडे ती नीट चालेना. त्यावर बीईईएस नावाचं छोटं मॉड एका मॉडरने फुकट बनवून दिलं. दुकानाने कमावलं आणि डागडुजी फुकट काम करणाऱ्यांनी केली. पैशाची चर्चा करताना हे काम कुठल्याच रकान्यात येत नाही, याचं वाईट वाटतं.

हा त्रास टाळायचा असेल तर स्टीममध्ये खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट 'खेळ सुरू केल्यावरच' असं ठेवा आणि खेळ नेहमी एसकेएसईच्या लोडरने उघडा. स्टीमॲप्स फोल्डरमधली ४८९८३० क्रमांकाची ॲपमॅनिफेस्ट फाइल रीड-ओन्ली केली की आणखी एक कडी लागते. क्रिएशन्समधून काही घेणार असाल तर मॉड ऑर्गनायझर या मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून खेळ उघडून उतरवू नका, त्या फायली ओव्हरराइट फोल्डरमध्ये जाऊन पडतात. खेळ एकदा साधा स्टीममधून उघडा, सगळं उतरू द्या, मुख्य मेन्यूवरून बंद करा, मगच मॉड ऑर्गनायझर उघडा. मग त्या फायली डेटा फोल्डरमध्ये जागच्या जागी दिसतात.

परत नेक्ससकडे. इथे पैसे येतात ते मुख्यतः प्रीमियम मेंबरशिप आणि जाहिरातींतून. मोफत वापरणाऱ्याला वेगाची मर्यादा आहे आणि प्रत्येक फाइलला 'स्लो डाउनलोड'चं बटण दाबून पाच सेकंद थांबावं लागतं. एकदोन मॉड्सना याचं काहीच वाटत नाही. पण २०२१ मध्ये 'कलेक्शन्स' आली, म्हणजे कुणीतरी जुळवून ठेवलेली मॉड्सची अख्खी यादी. प्रीमियमवाला एक बटण दाबतो आणि यादी उतरते. मोफतवाला ३०० मॉड्सच्या यादीत ३०० वेळा बटण दाबतो, नुसती मोजणीची थांबच २५ मिनिटांची. वॅबाजॅक हे तयार याद्या बसवणारं साधन वापरलं तरी आपोआप डाउनलोड हवं असेल तर नेक्ससचं प्रीमियम लागतंच. साइट फायली विकत नाही, सोय विकते. सर्व्हरचा खर्च पाहता हा सौदा आम्हाला मान्य आहे.

मॉडरच्या बाजूने मात्र कलेक्शन्सबरोबर एक कडू गोष्ट आली. याद्या मोडू नयेत म्हणून जुलै २०२१ मध्ये नेक्ससने ठरवलं की मॉडरला फाइल पूर्ण काढून टाकता येणार नाही, फक्त अर्काइव्ह करता, म्हणजे पानावरून आत हलवता येईल. ज्यांना पटत नव्हतं त्यांना महिनाभराची मुदत दिली, आणि काही जण आपलं सगळं काम घेऊन गेले. आम्हाला दोन्ही बाजू कळतात. ३०० मॉड्सच्या यादीतलं एक गायब झालं की सगळी यादी लटकते. पण जो माणूस पगाराशिवाय काम करतो त्याच्या हातातला शेवटचा हक्क आपलं काम मागे घेण्याचा असतो. तो काढून घेताना बदल्यात काहीतरी ठोस द्यायला हवं होतं. कलेक्शनमधून झालेल्या डाउनलोडला जास्त वजन देणं हा एक मार्ग होता. जून २०२५ मध्ये साइटची मालकी बदलली आहे. नव्या मालकांनी एकच गोष्ट सुधारायची ठरवली तर ती ही असावी.

नेक्ससवर मॉड विकता येत नाही, देणगी मागता येते. विकत मिळणाऱ्या मॉडची अर्धीमुर्धी 'ट्रायल' आवृत्ती जाहिरात म्हणून टाकायलाही मनाई आहे. हा नियम कडक वाटतो, पण तो नसता तर शोधताना निम्मी पानं पेट्रिऑन या वर्गणी घेणाऱ्या साइटच्या पाट्या निघाल्या असत्या. पेट्रिऑनवरच्या कुलपाचं काय होतं तेही सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. स्टारफील्डसाठी डीएलएसएस फ्रेम जनरेशनचं, म्हणजे खेळाचं चित्र जास्त सफाईने पळवणारं, मॉड पैसे भरणाऱ्यांसाठी कुलूप घालून आलं, कुलूप काही दिवसांत फुटलं, आणि नोव्हेंबरमध्ये बेथेस्डाने डीएलएसएस खेळातच दिलं. पैसे कुलपावर अवलंबून असतील तर ते इतक्या लवकर आटतात. द सिम्स ४ मध्ये ईएने २०२२ मध्ये मधला रस्ता काढला: पैसे देणाऱ्यांना मॉड काही काळ आधी द्या, पण ठरावीक वेळानंतर सगळ्यांना मोकळं करा. मोठ्या क्वेस्ट मॉड्ससाठी हा मार्ग आम्हाला डोनेशन पॉइंट्सपेक्षाही योग्य वाटतो, कारण तिथे पैसा काम चालू असताना येतो, वर्षभराने नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या पोरांच्या फोनपर्यंत पोचलेला आहे. बस सिम्युलेटर इंडोनेशियामध्ये आपल्या एसटीची लालपरी चालवणारे खूप आहेत. ती बस बनवणाऱ्याला मात्र नेक्सससारखी कुठलीच जागा नाही. या खेळाच्या मॉडची .बसिडमॉड फाइल यूट्यूबच्या व्हिडिओखाली जाहिरातींच्या शॉर्टलिंकमागे ठेवतात आणि तिचा पासवर्ड व्हिडिओत सांगतात. मिळतो तो पैसा हाच. फाइल दुसऱ्या चॅनलवर चढली की तोही गेला, आणि मग दरवाजावरच्या आगाराच्या नावापासून मागच्या शिडीपर्यंत सगळं बारकाईने काढणाऱ्याचं नावसुद्धा उरत नाही. उतरवणाऱ्याने एवढं तरी करावं: मूळ मॉडरचा चॅनल शोधून तिथूनच घ्यावं, आणि शॉर्टलिंकवर कुठलीही एपीके 'इन्स्टॉल करा' म्हणाली तर ती करू नये. बसच्या मॉडला एपीके कधीच लागत नाही.

इथे बसून नेक्ससचे पॉइंट रोख करायचे असतील तर थोडी तयारी लागते. पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सेवा एप्रिल २०२१ मध्ये बंद केली, परदेशातून येणारे पैसे मात्र घेता येतात. खात्याला पॅन जोडावा लागतो, बँक खातं जोडावं लागतं आणि रक्कम कशासाठी आली याचा पर्पज कोड निवडावा लागतो. नाव पॅन, बँक आणि पेपॅल तिन्हीकडे अक्षरशः सारखं हवं, आद्याक्षरं एकीकडे आणि पूर्ण नाव दुसरीकडे असेल तर पैसे अडकतात. डॉलरचे रुपये करताना पेपॅलचा दर बाजारापेक्षा कमी असतो, हे हिशोबात धरावं. हे उत्पन्न करपात्र आहे, विवरणपत्रात दाखवावं.

मॉड शोधणाऱ्यासाठी नेक्ससला ५ पैकी ४. मॉडरसाठी ५ पैकी ३, आणि कलेक्शनच्या डाउनलोडला वेगळं वजन मिळालं तर आम्ही ते ४ करू. क्रिएशन्सला मॉडरच्या बाजूने साडेतीन, घेणाऱ्याच्या बाजूने २, क्रेडिट्समुळे.

डोनेशन पॉइंट्स हा मॉडरच्या मोबदल्याचा एक भाग आहे, पूर्ण मोबदला नाही. नेक्ससच्या बऱ्याच पानांवर देणगीचं बटणही असतं आणि तो पैसा थेट मॉडरकडे जातो. एंडोर्समेंटला, म्हणजे मॉड आवडल्याची पावती द्यायला, पैसे पडत नाहीत, पण शोधात मॉड वर यायला ती मदत करते. मॉड उतरवल्यावर साइट थोडा वेळ गेल्याशिवाय एंडोर्स करू देत नाही, त्यामुळे बहुतेकांचं ते राहूनच जातं. व्हॉर्टेक्स या नेक्ससच्या मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये आणि मॉड ऑर्गनायझरमध्ये एंडोर्स करायची सोय यादीतच आहे. मॉड्स दोन आठवडे नीट चालली की यादी उघडून एकेकाला एंडोर्स करा, आणि एसकेएसईच्या प्लगइन्सपासून सुरुवात करा.